बुरुजावरचा अडथळा

किल्ला पाहायला जाणाऱ्या माणसाला किल्ल्यापेक्षा वेळापत्रकाची गरज अधिक असते. किल्ला साडेतीनशे वर्षं जागचा हललेला नाही आणि यापुढेही हलण्याची चिन्हं नाहीत. नाश्ता मात्र साडेनऊला संपतो. हे सत्य उमगलेल्या त्रेचाळीस माणसांनी नाशिकच्या सातपूरमध्ये जे मंडळ स्थापन केलं, त्याचं नाव सागरी दुर्गदर्शन मंडळ. मी या मंडळाचा अहवाल-लेखक आहे. दर दौऱ्यानंतर अहवाल लिहायचा आणि पुढच्या दौऱ्याला जाताना तो बसमध्ये वाचून दाखवायचा, असा रिवाज आहे. (चालत्या बसमध्ये काही ऐकू येत नाही. त्यामुळे आजवर एकाही अहवालावर हरकत आलेली नाही.)

नाशिकची माणसं कोकणातले किल्ले पाहायला का जातात, असं काही लोक कुत्सितपणे विचारतात. नाशिक जिल्ह्यात साठाच्या वर किल्ले आहेत हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ते डोंगरावर आहेत आणि चढावे लागतात. शिवाय त्यांतले काही कंपनीच्या गच्चीवरून दिसतात, आणि जे गच्चीवरून दिसतं त्यासाठी रजा हवी हे कुठल्याही सुपरवायझरला पटवून देता येत नाही. सागरी किल्ला सपाटीवर असतो, त्याच्याजवळ बस जाते आणि बस थांबते तिथे सुरमई मिळते. इतिहासाची ओढ माणसाला कुठे घेऊन जाईल हे सांगता येत नाही.

गेल्या अकरा वर्षांत मंडळाने अकरा सागरी किल्ल्यांचं दर्शन घेतलं. त्याचा गोषवारा असा : बसचा प्रवास तीनशे आठ तास, जेवणं सहासष्ट, पैकी मासळीची एकेचाळीस (संकष्ट्या पाळण्यात आल्या), किल्ल्यांवर घालवलेला एकूण वेळ चार तास सात मिनिटं. या चार तासांतले जवळजवळ दोन तास सुटलेले फेटे पुन्हा बांधण्यात गेले, कारण फेटा बांधता येणारा सभासद एकच आहे आणि डोकी बेचाळीस. उरलेला वेळ किल्ला पाहण्यासाठी राखून ठेवलेला असतो, म्हणजे फोटोसाठी.

दर्शन झालं असं केव्हा मानावं, याबद्दल सुरुवातीला मंडळात मतभेद होते. काहींचं म्हणणं, आत जाऊन हिंडलं पाहिजे. सन दोन हजार सतरामध्ये सहा जण खरोखरच आत हिंडायला गेले आणि त्या दिवशी जेवण पावणेचारला झालं. त्यानंतर नियम चार सुस्पष्ट करण्यात आला. मुख्य दरवाजा, मंडळाचा फलक आणि सर्व सभासदांचे ओळखू येतील असे चेहरे एका फोटोत आले, की दर्शन पूर्ण झालं. आत जायला मनाई नाही. फक्त त्यासाठी वेळ ठेवलेला नाही.

आमचे अध्यक्ष राकेशभाऊ. त्यांचं फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे, त्यामुळे फलक दर वर्षी दोन फुटांनी वाढतो आणि किल्ला तेवढाच कमी दिसतो. फलकाचा डावा बांबू धरण्याचं काम अकरा वर्षं जयराम करतो. चिटणीस धोंडीरामअण्णा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले आहेत. बत्तीस वर्षं त्यांनी पाण्याला कुठे आणि कधी जायचं ते सांगितलं आहे. हे तिघे आणि मी मिळून कार्यकारिणी होते.

उरल्या साळूबाई. या जयरामच्या बायको, वय एकसष्ट, मूळच्या पिंपळगाव बसवंतकडच्या. पहिल्या दौऱ्यात बसमधून उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता. अण्णांनी नोंदवहीत 'साळूबाई, गुडघा, सामानाजवळ' अशी नोंद केली. गुडघा दोन महिन्यांत बरा झाला, पण नोंद बरी झाली नाही. गुडघा बरा झाल्याचं नोंदवण्यासाठी वहीत रकानाच नाही. (बाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्या इमारतीची लिफ्ट अडीच वर्षं बंद आहे. हा पुरावा मंडळासमोर रीतसर आलेला नाही.) तेव्हापासून दर किल्ल्यावर बेचाळीस माणसं दरवाजापाशी जातात आणि साळूबाई बसजवळ पिशव्या, पाण्याचे जार आणि पुऱ्यांचा डबा राखत बसतात.

अकरा किल्ल्यांचे अकरा वाहनतळ साळूबाईंना तोंडपाठ आहेत. कुठे सावली किती वाजता येते, कुठल्या नळाला पाणी असतं, कुठली कुत्री पुरीसाठी येतात आणि कुठली नुसतीच सोबत म्हणून बसतात, हे त्या डोळे मिटून सांगतील. मागच्या दिवाळीत त्यांच्या नातीने, तिसरीतल्या तेजलने, इमारतीखाली मातीचा किल्ला केला. तट झाला, दरवाजा झाला, आत काय करायचं ते सुचेना, म्हणून तिने अकरा किल्ले करून आलेल्या आजीला विचारलं. आजीने जे पाहिलं होतं ते सांगितलं. त्या किल्ल्याच्या पोटात दोन बस, एक नळ आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. येणारेजाणारे हसले. जयरामनेही ही हकीकत मला हसत हसत सांगितली. मला मात्र ती लागली. अहवालात लेखकाच्या भावनांना जागा नसते हे ठाऊक असूनही लिहून ठेवतो.

दिवाळीनंतर साळूबाईंनी मंडळाकडे अर्ज दिला. तो त्यांनी स्वतः लिहिला होता. पन्नाशीनंतर त्या प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या आणि तेव्हापासून समोर येईल ते वाचतात : बिस्किटाचा पुडा, श्रद्धांजलीचे फलक, रिक्षाची पाठ. अर्जात दोन ओळी होत्या. "मला एक डाव किल्ला आतून बघायचा हाय. सामान कोनीबी बघंल." यावर कार्यकारिणीने दोन बैठका घेतल्या. अर्ज योग्य आहे, पण सामानही योग्य आहे, असं मत पडलं. यंदा आहे ती स्थिती कायम ठेवावी आणि पुढील वर्षी सहानुभूतीने विचार व्हावा, असा शेरा मारून अर्ज फाइलला लावण्यात आला.

यंदाचा किल्ला शंखदुर्ग. (नाव बदललं आहे. किल्ल्याची बदनामी होऊ नये हा हेतू.) हा किल्ला समुद्रात आहे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. नाशिकच्या माणसाला पाणी म्हणजे आवर्तन. ते कुणीतरी सोडतं आणि कुणीतरी बंद करतं. ते जाहीर झालेल्या दिवशी येत नाही, पण येतं. अण्णांनी दौऱ्याच्या अकरा दिवस आधी तिथल्या लॉजवाल्याला फोन करून ओहोटी किती वाजता असते ते विचारलं. तो म्हणाला, आज अकराला आहे. अण्णांनी 'ओहोटी रोज सकाळी ११ ते १' असं टिपून घेतलं आणि तो तक्ता राकेशभाऊंनी फ्लेक्सवर छापून बसच्या काचेला लावला. एवढ्यावर न थांबता अण्णांनी संबंधित खात्याला पत्रही लिहिलं, की आमचे सभासद बेचाळीस असल्यामुळे त्या दिवशीचं पाणी दीडपर्यंत बंद ठेवावं. पत्राचं उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे संमती, हा अण्णांचा बत्तीस वर्षांचा अनुभव.

आम्ही पहाटे पोहोचलो. बेचाळीस माणसं लॉजवर आंघोळी, नाश्ता आणि फेटे यांत गुंतली. साळूबाई किनाऱ्यावर बसजवळ राहिल्या. ड्रायव्हर संतोष बसमध्ये झोपला होता. पावणेसातच्या सुमाराला साळूबाईंनी पाहिलं, की समुद्र मागे सरकला आहे आणि एक कोळीण टोपली घेऊन वाळूतून किल्ल्याकडे चालली आहे. ती खडकांना चिकटलेली कालवं काढायला निघाली होती. साळूबाईंनी तिला तक्ता दाखवला. तिने तो पाहिला आणि सांगितलं, की समुद्राला हे कुणी कळवलेलं नाही. पाणी आत्ता गेलंय, नऊला परत फिरेल, यायचं असेल तर चल. साळूबाईंनी संतोषला उठवून पुऱ्यांचा डबा त्याच्या ताब्यात दिला, चपला हातात घेतल्या आणि निघाल्या.

नऊ वाजता कोळीण परत निघाली. तिने साळूबाईंना हाक मारली. पुढचा प्रसंग मला साळूबाईंनीच नंतर सांगितला. त्या तेव्हा बुरुजावर होत्या आणि त्यांनी वरूनच उत्तर दिलं :

"तू जा बाई. मी अकरा वर्सं खाली बसलेय. आता वर बसते."

कोळणीला ते लगेच कळलं असावं. माझा मुलगा दुपारी होडी घेऊन येईल, असं सांगून ती गेली.

अकरा वाजता बेचाळीस फेटे किनाऱ्यावर दाखल झाले. वाळूचा रस्ता दिसत नव्हता. अण्णांनी घड्याळ पाहिलं, तक्ता पाहिला आणि आवर्तनाला उशीर होत असल्याचं जाहीर केलं. चहाच्या टपरीवाल्याने पाणी उतरत नसून चढत असल्याचं सांगितलं, तेव्हा अण्णांनी त्याला हे त्याच्याकडे लेखी आहे का, असं विचारलं. टपरीवाल्याकडे लेखी नव्हतं. आम्ही वाट पाहिली. साडेअकराला पाणी जयरामच्या घोट्याला लागलं, बाराला पोटरीला. अण्णा दर दहा मिनिटांनी काठी रोवून पातळी मोजत होते आणि ती वाढत असल्याची नोंद करत होते. पण पाणी चुकतंय असंच त्यांचं मत होतं. सव्वाबाराला संतोषने कुणालाही न विचारता बस मागे घेतली. (त्याच्याकडून खुलासा मागवला आहे.)

अशा प्रसंगी नेतृत्वाचा कस लागतो. राकेशभाऊंनी नियम चार काढून मोठ्याने वाचला. त्यात दरवाजा, फलक आणि चेहरे एका फोटोत असावेत एवढंच म्हटलं आहे. दरवाजा किती लांब असावा हे म्हटलेलं नाही. लगेच फलक उभा करण्यात आला. डावा बांबू गुडघाभर पाण्यात गेला, पण जयराम हलला नाही. मागे समुद्र, त्यामागे किल्ला, आणि किल्ल्याच्या बुरुजावर एक हिरवा ठिपका. तो ठिपका हात हलवत होता. आम्हीही हलवले. कोकणातली माणसं फार प्रेमळ, असं कुणीतरी म्हणालं. जयराम बराच वेळ तिकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, की लुगडं आमच्यातलं वाटतं. राकेशभाऊंनी त्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. बारा वाजून चोवीस मिनिटांनी शंखदुर्गाचं दर्शन पूर्ण झालं.

आमचं जेवण चालू असताना होडी किनाऱ्याला लागली. साळूबाई उतरल्या, पाय धुतले आणि पंगतीत बसल्या. कुठं होतीस, असं जयरामने विचारलं. त्या म्हणाल्या, "आत." मग त्यांनी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि नाशिकपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा मी अकरा वर्षं पाहतो आहे. तसा मी तो पाहिला नव्हता, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

पुढच्या रविवारी सातपूरच्या समाजमंदिरात आढावा बैठक झाली. समोर चौदा फुटी फ्लेक्सवर फोटो लावला होता. बुरुजावरचा अडथळा राकेशभाऊंनी दुकानात संगणकावर काढून टाकला होता आणि त्या जागी झेंडा बसवला होता. किल्लाही ओढून थोडा जवळ आणला होता. बेचाळीस सभासदांचं दर्शन मंजूर झालं. विषय क्रमांक तीन, साळूबाईंनी सामान सोडणे. सामानातलं काहीही गेलं नव्हतं, पण गेलं असतं तर काय, या मुद्द्यावर अण्णा बारा मिनिटं बोलले.

साळूबाईंचं मागणं एवढंच होतं, की त्या आत गेल्याची नोंद वहीत व्हावी. नोंद झाली, की गुडघा बरा झाल्याचं आपोआप सिद्ध होतं, आणि मग पुढच्या किल्ल्यावर त्यांना कुणी सामानाजवळ बसवू शकत नाही. "वहीत लिवा, गेली म्हनून," त्या म्हणाल्या. "अन् गुडघा खोडा."

मंडळाने पुरावा मागितला. फोटोत त्या नव्हत्या. (आता नव्हत्या.) राकेशभाऊ म्हणाले, की मग आत काय आहे ते सांगा, आपल्या जुन्या अहवालांशी ताडून बघू. माझ्या अकराही अहवालांत प्रत्येक किल्ल्याच्या आत 'दरबाराचे भव्य अवशेष आणि धाडसाची साक्ष देणाऱ्या तोफा' आहेत. मी ते एकदाच लिहिलं होतं. पुढे फक्त किल्ल्याचं नाव बदलत गेलो.

"दरबार नाय," साळूबाई म्हणाल्या. "तोफ बी नाय. आत एक इहीर हाय. भवताली सगळं खारं पानी अन् हिचं गोड. पायऱ्यांवर बेडकं बसत्यात. एक उंडीचं झाड हाय, त्याच्याखाली लय गार वाटतं. बस, एवढंच हाय. पन लय येळ बघावं असं हाय."

वर्णन अहवालाशी जुळत नाही, असा निष्कर्ष निघाला. अण्णा म्हणाले, की विहीर आणि झाड कुणीही सांगेल, बाई. आपल्यातलं कुणी आत गेलेलं नाही, तेव्हा हे पडताळायचं कसं? मग साळूबाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"भिंत वाचली मी," त्या म्हणाल्या. "सहा तास व्हते. इहिरीपासून दरवाजापत्तोर नावांनी भरलीय. नाशिककडचीच लय. सातपूर, लासलगाव, आमचं पिंपळगाव. गावासकट लिवलंय. खडूनं नाय, खिळ्यानं कोरलंय. एक हाय बघा, राकेश, सातपूर, आयटीआय फिटर, नव्व्याण्णव. त्याच्या म्होरं बाण हाय. बाणाच्या म्होरचं वाचू का?"

राकेश नावाची माणसं पुष्कळ असतात. त्या साली त्या ट्रेडला मात्र दोनच होते आणि दुसरा दुबईत आहे. राकेशभाऊंनी पाणी मागवलं. मंडळ स्थापन होण्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या, कॉलेजच्या नाहीतर युनियनच्या सहलीबरोबर, आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण शंखदुर्गाच्या आत गेलेला होता, हे हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर दिसू लागलं. त्या वयात आत हिंडायला वेळ असतो आणि खिशात खिळाही असतो. (हे मंडळ दर वर्षी दुर्गसंवर्धनाची शपथ घेतं, हे सांगायचं राहिलं. शपथेचा फ्लेक्स वेगळा आहे.) साळूबाईंनी माझं नाव घेतलं नाही. ते विहिरीच्या उजव्या बाजूला, तिसऱ्या पायरीच्या वर आहे. बेडकं तेव्हाही होती.

"समदी पाठ हायेत मला," साळूबाई म्हणाल्या. "सांगू का?"

यानंतर जे झालं ते मंडळाच्या इतिहासातलं सर्वांत जलद कामकाज होय. ठराव असा : 'साळूबाई शंखदुर्गाच्या आत गेल्या नव्हत्या; सबब आतल्या भिंतीवर काय आहे याची त्यांना माहिती असण्याचं कारण नाही.' सूचक धोंडीरामअण्णा, अनुमोदक मी. सर्वांत आधी वर झाला तो जयरामचा हात. साळूबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. बाणाच्या पुढे बायकोखेरीज इतरांचीही नावं असतात, एवढंच मी इथे लिहू शकतो. चाळीस सेकंदांत ठराव एकमताने मंजूर झाला. साळूबाईंनी चष्मा पिशवीत ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "बसते सामानाजवळ. पन वाचल्यालं मला इसरता येत नाय."

नियमाप्रमाणे असा ठराव कायम होण्याआधी मंडळाबाहेरच्या लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. म्हणून हा अहवाल प्रथमच बसबाहेर प्रसिद्ध करत आहे. तेव्हा वाचकहो, ज्यांनी आयुष्यात एकदाही कुठल्याही किल्ल्याच्या भिंतीवर नाव, बाण किंवा साल कोरलेलं नाही, कोरणाऱ्या मित्राला खिळा शोधून दिलेला नाही, आणि साळूबाईंनी ती यादी भर सभेत वाचली तरी ज्यांना चालेल, त्यांनी साळूबाईंच्या बाजूने आत्ता, वाचता वाचता, हात वर करावा. मी थांबतो.

पाहिलं. हातातलं आहे तसंच हातात आहे. आभारी आहोत. विरोधातली मतं शून्य धरली आहेत, तुमचं मत ठरावाच्या बाजूने नोंदवलं आहे, आणि पुढच्या दौऱ्यात तुम्ही आलात तर तुमची पिशवीही साळूबाईच राखतील.